हिवाळ्यापुरती ठेव

रूबेनने फडताळाच्या तळातल्या पीचच्या बरण्या एकेक करून बाहेर काढल्या आणि स्वयंपाकघरात भिंतीच्या कडेने मांडून ठेवल्या. वाकून उठताना दर वेळी त्याला चौकटीचा आधार घ्यावा लागत होता. बरण्यांवर त्याच्या बायकोच्या, आयरीनच्या, अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. त्याने बरण्या अशा फिरवल्या, की चिठ्ठ्या भिंतीकडे जाव्यात. मग फडताळाचा तळ फडक्याने पुसला. गोधडीत गुंडाळलेल्या तीन बंदुका उभ्या राहतील एवढी जागा आता झाली होती.

बाहेर मिल्टनच्या पिकअपचा आवाज आला. रूबेन खिडकीशी गेला. मिल्टन उतरला, दार लावलं, टोपी सारखी केली आणि घराकडे चालू लागला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

दर वर्षी हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला की मिल्टन यायचा. झोपलेलं पोर खांद्यावर घ्यावं तशी गोधडी घेऊन यायचा आणि म्हणायचा, माझं छप्पर गळतंय, बंदुका गंजतील, तुझ्याकडे राहू देत. एखाद्या वर्षी म्हणायचा, उंदीर झालेत, लाकूड कुरतडतात. आयरीन काही न बोलता फडताळ उघडायची आणि कॉफी चढवायची. मार्चमध्ये उत्तरेकडच्या उतारावरचं बर्फ वितळलं की तो गोधडी घेऊन जायचा. याची सुरुवात झाली ती त्याचा धाकटा मुलगा डेल ट्रकखाली गेला त्या वर्षीच्या हिवाळ्यात. तेव्हापासून छप्पर काही दुरुस्त झालं नाही आणि ते का होत नाही, हे रूबेन-आयरीनने कधी विचारलं नाही.

मिल्टन आत आला. पायपुसण्यावर बूट घासले, पण जाकीट काढलं नाही.

"कॉफी घेणार?" रूबेनने विचारलं.

"असेल तर घेईन."

रूबेनने मोरीतल्या भांड्यांमधून एक कप शोधून विसळला. कॉफीचा डबा तळाशी गेला होता. चमच्याने खरवडून त्याने दोन कपांपुरती काढली. मिल्टन टेबलाशी बसला. टेबलाच्या अर्ध्या भागावर टपाल पडलं होतं, बरंचसं न उघडलेलं. बोलताना मिल्टनच्या तोंडातून वाफ निघत होती.

"तुझ्या पलीकडच्या शेतातला गहू चांगला उगवलाय," तो म्हणाला. "येताना पाहिला."

"माझा कुठला. शेत गावातल्या पोरांना खंडाने दिलंय."

"तरी उगवलाय चांगला."

दोघांनी कॉफी प्यायली. मिल्टन आज छपराचं नाव काढेना, उंदरांचंही काढेना. अखेर रूबेननेच विचारलं, "मी आणू का गाडीतून?"

"काय?"

"गोधडी."

मिल्टनने कप खाली ठेवला. "या वर्षी नाही आणल्या. नवा कायदा आलाय ना. परवापासून लागूही झाला."

कायद्याचं रूबेनला ठाऊक होतं. नोव्हेंबरात सगळ्या राज्याचं मतदान झालं होतं. डोंगरापलीकडे समुद्राकडच्या शहरांनी भरभरून हो म्हटलं होतं आणि अलीकडच्या गव्हाच्या मुलखाने नाही. पण माणसं सगळी तिकडे, इकडे नुसती जमीन. आता बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची, मग ती विकत असो की चार दिवस ठेवायला असो, तर परवानेवाल्या दुकानात जायचं, घेणाऱ्याची सरकारी तपासणी व्हायची आणि मगच ती द्यायची. या कायद्याविरुद्ध गावातली सगळ्यात मोठी पाटी लागली होती ती मिल्टनच्याच फाटकावर. धान्याच्या कोठारापाशी उभा राहून तो म्हणाला होता, येऊ देत त्यांना मोजायला, मी कॉफी चढवून ठेवतो.

"तू कधीपासून कायदा पाळायला लागलास?" रूबेन म्हणाला.

"कायदा तो कायदा."

"कुणाला कळणार आहे? तू आणणार, मी त्या फडताळात ठेवणार. इतकी वर्षं ठेवल्याच की."

"तुझ्यावर बालंट नको, रूबेन."

रूबेनने त्याच्याकडे नीट पाहिलं. मिल्टन वाळल्यासारखा दिसत होता, पण तो दर डिसेंबरात वाळतो. दाढी केलेली होती. हात स्थिर होते.  पण बंदुका आणल्या नाहीत, म्हणजे त्या त्याच्या घरी आहेत. पलंगाच्या बाजूच्या कपाटात, जिथे त्या उन्हाळाभर असतात. आणि हा माणूस कायद्याची सबब पुढे करून बसलाय. बालंट टाळण्यासाठी येणारा माणूस असा अर्ध्या खुर्चीवर बसत नाही.

"मग कायद्याने करू," रूबेन म्हणाला. "चल विल्माच्या दुकानात. माझी काय ती तपासणी करू दे. चोरी नाही केली, दरोडा नाही घातला. होईल पाच मिनिटांत."

"राहू दे."

"राहू दे काय? आताच जाऊ. वाटेत तुझ्या घरून उचलू."

तो उठला. किती दिवसांनी आपण कुठेतरी जायला उठतोय, हे त्याला उभं राहिल्यावर जाणवलं.  बूट मागच्या दाराशी होते. एका बुटाची नाडी तुटलेली होती, ती कधी तुटली ते त्याला आठवेना. स्टुलावर बसून तो तुटक्या नाडीला गाठ मारू लागला आणि गाठ सारखी सुटत राहिली. टोपी कुठे होती कोण जाणे.

मिल्टन हे सगळं पाहत होता.

"बस, रूबेन," तो म्हणाला. "घरी नाहीत त्या. रोंडा घेऊन गेली रविवारी."

रोंडा म्हणजे मिल्टनची थोरली मुलगी. स्पोकेनला एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती.

"रक्ताच्या नात्यात चालतं," मिल्टन म्हणाला. "मुलीला द्यायला कागद लागत नाही, तपासणी लागत नाही. मी विचारलं विल्माला."

रूबेनच्या हातातली नाडी तशीच राहिली. आधी त्याचा जीव भांड्यात पडला. बंदुका त्या घरात नाहीत, बस्स. मग हळूहळू दुसरंच काहीतरी वर आलं. सकाळपासून तो फडताळ रिकामं करत होता. किती दिवसांत केलेलं तेवढंच एक काम.

"तिला काय सांगितलंस? छप्पर गळतंय?"

"नाही." मिल्टनने टेबलावरच्या एका पाकिटाचा कोपरा बोटाने सरळ केला. "खरं सांगितलं. स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं. हिवाळ्यात मला त्या घरात नको असतात, म्हटलं. का, ते पण सांगितलं."

"काय म्हणाली?"

"आधी टेबल पुसत बसली. मग विचारलं, आतापर्यंत कुठे ठेवत होतात. म्हटलं, रूबेनकाकाकडे. मग रडली थोडी. मग उठून गाडीत जागा करायला गेली."

बाहेर वारा सुटला होता. मागच्या पडवीचं जाळीचं दार आपटत होतं. ते ऑक्टोबरात काढून ठेवायचं असतं. या वर्षी राहिलं होतं.

"म्हणजे विल्माच्या दुकानात यायची लाज वाटली तुला," रूबेन म्हणाला. "चार माणसं बघतील म्हणून."

"विल्माची कसली लाज."

"मग? मी काय हरवून टाकल्या असत्या त्या? इतकी वर्षं ठेवल्या. एकदा तेल लावून ठेवलं होतं, तुला कळलंही नाही."

"कळलं होतं."

"मग आल्या आल्या कायद्याचं काय काढलंस?"

 मिल्टनची नजर मागच्या दाराच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे रूबेनच्या बापाची दुनळी बंदूक भिंतीला टेकून उभी होती. कोंबड्या होत्या तेव्हा कोल्ह्यांसाठी ती तिथे असायची. कोंबड्या जाऊन खूप वर्षं झाली होती.

"दुसरं काही सुचलं नाही म्हणून," तो म्हणाला. "वाटेत गाडीत बसून जुळवत होतो. विल्माकडे आलो असतो मी तुझ्याबरोबर, हसतहसत आलो असतो. पण आयरीन होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. या घरात आणखी तीन आणून ठेवायच्या, या वर्षी..." तो थांबला. "मला नाही जमलं."

रूबेनला बोलणं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या.

"मला काही झालेलं नाही."

"बरं."

"माझी बायको गेली. माणसांच्या बायका जातात. मी खातो, पितो, झोपतो."

"घर तापवायची भट्टी का बंद आहे?"

"तेल महाग झालंय."

"टाकी भरलेली आहे. येताना काटा बघितला मी."

 भट्टी पेटवायची तर तळघरात उतरावं लागतं. तळघरात आयरीनचं शिवणाचं यंत्र होतं आणि त्यावर अर्धवट शिवलेला पडदा. हे काही कुणाला सांगण्यासारखं कारण नव्हतं.

"मलाही काही झालेलं नव्हतं," मिल्टन म्हणाला. "नऊ हिवाळे काही झालेलं नव्हतं. नुसतं छप्पर गळत होतं."

तो हसला नाही. रूबेनही नाही. जाळीचं दार दोनदा आपटलं.

"ने मग," रूबेन म्हणाला. त्याच्या आवाजात एकदम थकवा उतरला. भांडण त्याच्याच्याने पुढे रेटवेना. "तुला एवढं वाटतंय तर घेऊन जा ती बंदूक."

"मला नेता येत नाही. तुझा मी कायद्याने कोणी लागत नाही. बायको, मुलं, आईबाप, भावंडं, एवढेच चालतात. आणि माझ्या घरी नेऊन काय उपयोग, तुला माहीत आहे." मिल्टनने घसा साफ केला. "रोंडाने आज अर्धी रजा टाकलीय. दुपारी ती विल्माकडे येतेय. तुझी बंदूक ती ठेवून घेईल. तिची तपासणी होईल, मग न्यायला मोकळी."

"माझं पण सांगितलंस तिला?"

"सांगितलं."

"मला न विचारता."

"तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

रूबेनच्या मनात आलं, याला हाताला धरून बाहेर काढावं. तसा हक्क त्याला होता. घर त्याचं होतं. मग त्याच्या मनात कायद्यातली ती यादी आली. बायको, मुलं, आईबाप, भावंडं. एकेका नावाशी तो थांबला आणि पुढे गेला. मूलबाळ झालं नाही. भाऊ कोरियाच्या लढाईत गेला तो परतला नाही. उभ्या पिकाला वणवा लागला तेव्हा मिल्टनने स्वतःच्या शेतातलं काम सोडून, नांगर घेऊन येऊन रूबेनच्या शेताभोवती पट्टा नांगरून काढला होता, आणि जुलैत आयरीनच्या शवपेटीचा पुढचा कोपरा त्याच्या खांद्यावर होता. कायद्याच्या लेखी तो कुणीच नव्हता.

रूबेन उठला आणि कोपऱ्यात गेला. बंदूक उचलून टेबलाशी आणली, अंगठ्याने कळ सरकवली आणि नळ्या बिजागरीवर दुमडून खाली केल्या. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती.

आयरीनने घरात भरलेली बंदूक कधी ठेवू दिली नव्हती. हे मिल्टनला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. तिच्याकडे कॉफीला आलेल्या शिकाऱ्यांना ती पडवीतच खिसे रिकामे करायला लावायची.

रूबेनने काडतुसं बाहेर काढली. मिल्टनने तळहात पुढे केला. रूबेनने ती त्यावर ठेवली आणि मिल्टनने ती जाकिटाच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलं.  मग मिल्टन खाली वाकला, रूबेनच्या बुटाच्या नाडीची गाठ पक्की बांधून दिली आणि त्याची टोपी खुर्चीखालून काढून त्याच्या हातात दिली.

गावापर्यंतचा रस्ता टेकड्यांच्या अंगाने जातो. दोन्हीकडे गव्हाचे कोंब बोटभर वर आले होते आणि त्यांवर दव गोठून पांढरं झालं होतं. पिकअपमधला हीटर चालू होता. रूबेनच्या हातापायांत ऊब शिरली तेव्हा आपण किती गारठलो होतो ते त्याला कळलं, आणि डोळे मिटू लागले. बंदूक दुमडलेल्या नळ्यांनिशी त्याच्या मांडीवर आडवी होती.

विल्माच्या दुकानात खिळे, दोर, कोंबड्यांचं खाद्य आणि मागच्या भिंतीवर बंदुका. नवरा गेल्यावर तिने परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला होता. रोंडा आधीच आली होती. ती काउंटरवर वाकून लिहीत होती. त्यांना पाहून तिने पेन खाली ठेवलं आणि येऊन रूबेनच्या गळ्यात हात टाकले. अंत्यसंस्कारानंतर तो तिला भेटला नव्हता.

"काका, वजन कुठे गेलं तुमचं?"

"असेल इथेच कुठेतरी."

"मी कोबी-खिम्याचे पाव आणलेत. आयरीनकाकूंसारखे नाही जमले. कडेने सुटलेत."

विल्माने बंदूक हातात घेतली, नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं आणि तिच्यावरचा क्रमांक वाचू लागली. "तिसरा दिवस आहे कायद्याचा," ती कुणालाही उद्देशून न बोलल्यासारखी म्हणाली, "आणि मी आताच विटले. सकाळी एक जण आपल्या मेहुण्याला ओढत ओढत घेऊन आला. मेहुणा नात्यात चालतो की नाही, म्हणे. मी म्हटलं, थांब जरा, कायदा वाचून बघते."

खाद्याच्या पोत्यांशी लेरॉय उभा होता. त्याला कुठे जायचं नव्हतं, तो बहुधा तिथेच असायचा. तो हात खिशात घालून पुढे आला.

"काय रूबेन, बापाची दुनळी विकायला काढलीस? मला सांगायचं की."

"विकत नाहीये तो," मिल्टन म्हणाला.

"मग या पोरीला कशाला? स्पोकेनात काय कोल्हे मारायचेत?"

"आहेत ना तिकडेही," रोंडा न बघता म्हणाली. "दोन पायांचे. दात काढायला येतात आणि नर्सच्या मागे लागतात."

लेरॉय हसला. "अग पण बघ ना, आपल्याच माणसाला आपली वस्तू द्यायची तर सरकारला विचारायचं. तुझा बाप तर पाटी लावून बसला होता. कुठे गेली रे पाटी, मिल्टन?"

"फाटकावरच आहे."

"आणि तू इथे रांगेत."

"आणि मी इथे रांगेत," मिल्टन म्हणाला.

लेरॉय पुढे काही म्हणणार होता. त्याने रूबेनकडे पाहिलं. वाढलेल्या दाढीकडे, चुकीच्या लागलेल्या बटणांच्या सदऱ्याकडे, बुटाच्या गाठ मारलेल्या नाडीकडे. मग मिल्टनकडे पाहिलं. मिल्टन भिंतीवर टांगलेले माशांचे गळ पाहत होता, जसं काही आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय. लेरॉयने खिशातला हात काढून मान खाजवली आणि परत पोत्यांकडे गेला.

विल्मा फोनवर बोलत होती. रोंडाचं नाव, आडनाव, जन्मतारीख तिने दोनदा सांगितली. पलीकडून थांबायला सांगण्यात आलं. ती फोन कानाशी धरून थांबली. रोंडाने हलकेच रूबेनच्या बाहीवरचा धागा काढला. दुकानात गरम होतं, रबराचा आणि मक्याच्या भरड्याचा वास होता, आणि रूबेनला वाटलं की आपल्याला इथेच कुणी एक खुर्ची दिली तर बरं होईल. विल्माने पायाने एक स्टूल त्याच्याकडे ढकललं.

"झालं," अखेर ती फोन ठेवत म्हणाली. "रोंडा, तू सज्जन आहेस असं सरकारचं म्हणणं आहे." तिने कागद एकत्र केले. "रूबेन, ही तिला कायमची देतोयस की परत घेणार आहेस?"

"कायमची," रूबेन म्हणाला. "देऊन टाकतो. मला आता काय करायचीय."

मिल्टन गळांकडून वळला. "नाही."

"काय नाही? माझी बंदूक आहे."

"कायमची नाही. परत घेणार आहे तो, विल्मा."

"अरे, तिच्याकडे राहील ना नीट. तिच्या मुलांना पुढेमागे होईल उपयोग. आयरीनची ती घड्याळंही मी तिलाच द्यायची म्हणत होतो, आणि तो ट्रॅक्टर..."

"रूबेन," मिल्टन म्हणाला.

रूबेन थांबला. रोंडाने बापाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचा चेहरा क्षणभर लहानपणीसारखा झाला, रडायच्या आधी व्हायचा तसा. मग तिने तो सावरला.

"मला नकोय ती, काका," ती म्हणाली. "खरंच नकोय. माझ्याकडे आधीच बाबांच्या तीन आहेत, कपाटात माझे कोट मावत नाहीत. नवरा कटकट करतो. मी ठेवीन, पण तुम्हाला ती परत घ्यावी लागेल."

"मी एवढ्यासाठी विचारलं," विल्मा म्हणाली, "की परत द्यायची तर हे सगळं पुन्हा करायचं. तेव्हा तपासणी तुझी, रूबेन."

"माझीच बंदूक परत घ्यायला माझी तपासणी?"

"कायदा असा आहे. मी नाही लिहिला. आणि दोघांनी यायचं इथे, समोरासमोर. एकट्याने येऊन चालत नाही, कुणाच्या हाती पाठवून चालत नाही."

"बघा," पोत्यांमागून लेरॉय म्हणाला, "म्हणजे छळाला काही सीमा आहे की नाही."

 रोंडाने पर्समधून फोन काढला होता आणि ती अंगठ्याने महिने पुढे सरकवत होती.

"मार्चमध्ये माझं अवघड आहे," ती म्हणाली. "एप्रिल बघू. एप्रिलचा दुसरा आठवडा. काका, चालेल?"

रूबेनने एप्रिलचा विचार करून पाहिला. गेल्या कित्येक दिवसांत तो उद्याच्या पलीकडे गेला नव्हता. उद्यापर्यंतही पुरता पोचत नव्हता. एप्रिलमध्ये गहू घोट्याच्या वर येतो आणि वाऱ्याने त्याच्या रंगात फरक पडत जातो. रस्त्याच्या कडेची चर भरून वाहते. ते सगळं त्याला नीट दिसेना, खूप लांबून पाहिल्यासारखं धूसर होतं. तिघं जण त्याच्याकडे पाहत होते आणि चौथा पोत्यांमागे गप्प उभा होता.

"त्या आठवड्यातल्या शनिवारी येईन मी," रोंडा म्हणाली. "जेवण करून निघाले की दोन-अडीचपर्यंत पोचेन."

रूबेनने टोपी हातात फिरवली.

"शनिवारी विल्मा दुपारी दुकान बंद करते," तो म्हणाला. "सकाळी ये."